परक्या गावचं मीठ

शेलूबाजारच्या फाट्यावर पाच मिनिटं उभं राहा, कोणीतरी विचारणारच, "कुठी चालले जी?" विचारणाऱ्याला तुमच्या प्रवासाशी काही देणंघेणं नसतं. "इथीच" एवढं उत्तर दिलं तरी त्याचं समाधान होतं. नागपूरहून औरंगाबादकडे जाणारा जुना रस्ता आणि अकोल्याहून मंगरुळपीरला जाणारा रस्ता आमच्या या गावात एकमेकांना छेदतात. त्यामुळे माझं माहेर म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांचं गाव. लहानपणी आम्ही मुली ओट्यावर बसून एसटीच्या पाट्या वाचायचो. पुसद, कारंजा, मेहकर, अमरावती. पाटीवर जितकं लांबचं गाव, तितका तिथला माणूस वेगळा असेल असं वाटायचं.

बाविसाव्या वर्षी याच फाट्यावरून मी लग्न होऊन फलटणला गेले. विदर्भातली मुलगी सातारा जिल्ह्यात देणं ही तेव्हा आमच्याकडे नवलाची गोष्ट होती. "इतल्या दूर काहून देल्ली पोरीले?" असं बायकांनी आईला तोंडावर विचारलं. आई काही बोलली नाही. तिने माझ्या पेटीत सुक्या तिखटाचा डबा आणि मुगवड्या भरल्या.

फलटणला पहिल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "आमटीत जरा चटणी टाक गं." मी फडताळातल्या बरण्या पालथ्या घातल्या. शेंगदाण्याची चटणी सापडली, ती दोन चमचे टाकली. आमटीचं जे व्हायचं ते झालं. तिकडे लाल तिखटालाच चटणी म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फळवाल्याकडे जाम मागितले. त्याने मान हलवली, दुकान दाखवलं, बाटलीतला जॅम तिकडे मिळेल म्हणाला. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. 'काहून' म्हटलं की घरातली पोरं हसत. 'मले-तुले' म्हटलं की नणंद मायेनेच दुरुस्त करी. भाषा तीच, लिपी तीच, आणि तरी मी रोज संध्याकाळी जीभ दुखेपर्यंत सांभाळून बोलायचे.

हे सगळं मी विसरून गेले होते. आठवलं ते थायलंडमध्ये.

*

फलटणच्या काही शेतकरी कुटुंबांबरोबर आम्ही दोघं तिकडच्या फळबागा बघायला गेलो होतो. बँकॉकच्या उत्तरेला अयुत्थया ही सयामची जुनी राजधानी आहे. एका दुपारी तिथे नदीकाठी खानावळीत जेवत होतो. शेजारच्या टेबलावर सत्तरीचा एक गोरा माणूस बसला होता. पायात रबरी चपला, अंगात साधा सुती सदरा. खानावळीच्या बाईने त्याला काही विचारलं, त्याने त्याच सुरात उत्तर दिलं, दोघंही हसले. आमच्या वाटाड्याला मी विचारलं, काय म्हणाली ती? तो म्हणाला, "जेवलात का, असं विचारलं. इथे भेटल्यावर सगळे तेच विचारतात." भात खाल्ला का अजून नाही, असा त्या थाई शब्दांचा अर्थ. खानावळीत जेवायलाच आलेल्या माणसाला 'जेवलात का' विचारणारी बाई बघून मला थेट माझी आजी आठवली.

तो माणूस हॉलंडचा निघाला. बायको थाई, ईशान्येकडच्या खेड्यातली. तो तिच्या माणसांत राहत होता. थोड्या गप्पा झाल्या. निवृत्त झालेल्या परदेश्याला तिथे राहायचं तर वय पन्नाशीच्या पुढे हवं, बँकेत आठ लाख बाट दाखवावे लागतात, आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो. जमीन त्याच्या नावावर होत नाही. घर बांधलं तरी खालची माती बायकोची. हे सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र माझं लग्नानंतरचं रेशन कार्ड आठवलं. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तो सासरच्या कचेरीत द्यायचा, तेव्हा कुठे तिथल्या कार्डावर नाव चढतं. दोन्हीच्या मधले काही आठवडे मी कोणत्याच कार्डावर नव्हते. त्या कचेरीतला कारकून माझं बोलणं ऐकून शेजारच्याला म्हणाला होता, "हिंदी पिक्चरमधली दिसते." मी मान खाली घालून सही केली होती. त्याला उत्तर द्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

गोऱ्या माणसाला थाई लोक 'फरांग' म्हणतात. हा शब्द ऐकला आणि कान टवकारले. आपला फिरंगी आणि त्यांचा फरांग एकाच घरातले. युरोपातल्या फ्रँक लोकांचं नाव अरबी-फारशीतून पूर्वेकडे निघालं आणि वाटेत प्रत्येक भाषेने ते आपल्या जिभेवर बसवून घेतलं. आपल्याकडे मराठ्यांनी युरोपी पात्याच्या सरळ तलवारीलाही 'फिरंग' म्हटलं. थाई लोकांनी आणखी एका वस्तूला 'फरांग' म्हटलं, ती म्हणजे पेरू. परदेशातून आलेलं फळ म्हणून परदेशी. खानावळीच्या दारात एक बाई चिरलेले पेरू तिखटमीठ लावून विकत होती. मी ते घेतले आणि फलटणच्या फळवाल्याची गोष्ट त्या डच गृहस्थाला सांगितली. तो मनापासून हसला. म्हणाला, त्याला पहिली पाच वर्षं बाजारात सगळे चढ्या दराने माल देत. मग एकदा त्याच्या सासूने बाजारात जाऊन भांडण केलं, आणि दर उतरले.

थाई लोकांचा एक शब्द त्याने मला समजावून सांगितला, 'क्रेंग जाई'. 'जाई' म्हणजे काळीज, मन. समोरच्याला आपला त्रास होईल म्हणून मागायचं ते न मागणं, सांगायचं ते न सांगणं. तो म्हणाला, हा शब्द कळायला त्याला दहा वर्षं लागली, कारण डच माणूस सरळ तोंडावर बोलतो. मला तो शब्द एका क्षणात कळला. आपल्याकडे त्याला भीड म्हणतात. सासरी पहिल्या वर्षी मी भिडेपोटी किती दिवस अर्धपोटी जेवले, ते कोणाला सांगू?

*

डच माणसं सयाममध्ये काही काल-परवा गेलेली नाहीत. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०८ मध्ये अयुत्थयात वखार घातली. नदीकाठी त्या वखारीची जागा आजही दाखवतात, शेजारी 'बान हॉलंडा' नावाचं छोटं संग्रहालय आहे. तिथे येरेमियास फान फ्लीट नावाच्या कारकुनाची हकीकत कळते. हा १६३३ च्या सुमारास आला, वखारीचा प्रमुख झाला, थाई शिकला आणि १६४० मध्ये त्याने सयामच्या राजांचा इतिहास लिहून काढला. अयुत्थयाच्या लिखित इतिहासाची जी सर्वांत जुनी साधनं आज हाती आहेत, त्यात या परक्या कारकुनाच्या पानांचा समावेश होतो. त्याची सोबतीण ओसोएत ही मोन जमातीची, स्वतः मोठी व्यापारीण. दरबारातली तिची ओळख कंपनीच्या कामी येई. दोघांना मुली झाल्या. पुढे फान फ्लीटची बदली झाली, त्याला मुलींना न्यायचं होतं. ओसोएतने नेऊ दिलं नाही, आणि मुली अयुत्थयातच राहिल्या. त्याने लिहिलेल्या राजांच्या याद्यांपेक्षा माझ्या मनात ही गोष्ट जास्त राहिली. परक्या देशात मुरलेला माणूस एक दिवस उठून जाऊ शकतो, आणि ज्यांच्यात तो मुरला त्यांना मागे राहावं लागतं.

त्याच वर्षांत, त्याच कंपनीची माणसं आपल्या कोकणातही राहत होती. १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीची परवानगी काढून त्यांनी वेंगुर्ल्याला वखार बांधली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायची आणि व्यापार करायचा. आपल्या जुन्या कागदांत त्यांचं नाव 'वलंदेज'. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या वेंगुर्ल्याहून त्यांनी पत्रांत लिहिल्या, म्हणून इतिहासकारांना ती पत्रं चाळावी लागतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते गेले. वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडांची मुळं दगडांत शिरली आहेत. अयुत्थयात संग्रहालय झालं, वेंगुर्ल्याची वखार पडत चालली आहे, याचं मला वाईट वाटतं. त्या भिंतींतही कोणीतरी मालवणी शिकलं असेल, कोणाला तरी सोलकढी आवडली असेल.

*

परत आल्यावर मला वेडच लागलं. आपल्याकडे येऊन, आपल्या माणसांत मुरलेली परकी माणसं शोधायची. आणि पहिलं नाव निघालं ते माहेरच्याच जिल्ह्यातलं.

आमच्या आजीच्या तोंडी 'मिशन दवाखाना' सतत असे. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. ते सुरू केलं डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी. नाझरीन चर्चच्या त्या डॉक्टर. १९३६ साली भारतात आल्या, १९३८ मध्ये वाशिमला दवाखाना उघडला आणि पुढची जवळजवळ चार दशकं तिथेच काम केलं. तेव्हाचं वाशिम डोळ्यांसमोर आणून बघा. इंग्रजांच्या कागदांतलं 'बासीम'. एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण, पण १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळला जोडलेला. जिल्ह्याचा मान परत मिळायला १ जुलै १९९८ उजाडावं लागलं. वाशिमला रेल्वेदेखील स्वातंत्र्यानंतर आली. आमच्या बाजूच्या लोकांना तेव्हा आगगाडी म्हणजे कारंज्याची 'शकुंतला', मूर्तिजापूरहून यवतमाळला धापा टाकत जाणारी अरुंद रुळांची गाडी. बाकी प्रवास बंडीचा, नाहीतर दमणीचा.

आजी पहिलटकरीण असताना अडली होती. सुईणीने हात टेकल्यावर आजोबांनी दमणी जुंपली. खाली कडबा, कडब्यावर गोधडी, गोधडीवर आजी, आणि चाकाच्या प्रत्येक हिसक्याला तिची किंकाळी. ती ही गोष्ट सांगायची तेव्हा वाटेतलं प्रत्येक झाड सांगायची. शेवट मात्र एका वाक्यात आटोपायची, "तथी पोचलो, अन् तुही आत्या झाली."

मी नेहमी विचार करते ते त्या दवाखान्यातल्या पहिल्या सहा महिन्यांचा. परदेशातून आलेली डॉक्टर पुस्तकातून मराठी शिकलेली असेल, तर तिला 'दुखणे' हे क्रियापद येत असेल. पण आमच्याकडची बाई 'दुखते' एवढंच म्हणून थांबते का? तिच्या पोटात कळ येते, कमरेत चमक भरते, डोकं ठणकते, छातीत जळजळते, पाय फुणफुणतात, पोटात मुरडा येतो, अंग मोडून येते, हीव भरते, जीव घाबरा होतो, डोळ्यापुढे अंधारी येते. हे प्रत्येक दुखणं वेगळं आहे. चमक क्षणात जाते, ठणका रात्रभर राहतो. कळ लाटेसारखी येते आणि जाते, म्हणून बाळंतपणाच्या कळाच असतात, ठणका नसतो. जो डॉक्टर या शब्दांतला फरक ऐकतो त्याचं निम्मं निदान तिथेच होतं. त्यात वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो, आणि कळेची 'कय' होते. 'पोटात कय येऊन राह्यली' हे वाक्य कोणत्या व्याकरणात सापडणार? ते खाटेजवळ बसूनच शिकावं लागतं, आणि शिकवणारी बाई त्या वेळी वेदनेत असते.

मिशनचा उद्देश धर्मप्रसाराचा होता, हे सांगायलाच हवं. त्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत आणि असोत. पण आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचा हिशेब साधा आहे. अडलेली बाई तिथे सुटली.

*

फलटणला तर माझ्या सासरच्या गावातच असं माणूस होतं, आणि मला त्याचं महत्त्व फार उशिरा कळलं. मॅक्सीन बर्नसन. मिशिगनमध्ये जन्मलेल्या, १९६१ मध्ये भारतात शिकवायला आल्या आणि १९६६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी फलटणला. विषय होता फलटणच्या लोकांचं बोलणं. कोण कसं बोलतं, जातीने, शिक्षणाने, वयाने बोलणं कसं बदलतं. म्हणजे माझ्यावर जे हसत होते, त्यांच्या बोलण्याचा अभ्यास माझ्या आधी एक परदेशी बाई वहीत टिपून बसली होती. त्यांनी जाई निंबकरांबरोबर मराठीचं संदर्भ-व्याकरण आणि मराठी शिकण्याची पुस्तकं इंग्रजीत लिहिली. नंतर परदेशातून मराठी शिकायला आलेल्या कित्येकांच्या पिशवीत ती पुस्तकं होती. १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली, आणि १९८६ पासून कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा.

त्या शाळेत मूल घरून जी भाषा घेऊन येतं ती चूक धरत नाहीत. तिथूनच वाचन सुरू होतं. हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच होते आणि मला रडू आलं. 'अशुद्ध' हा शब्द मी इतकी वर्षं अंगावर वागवत होते. माझ्या आईची बोली, जिच्यात ती मला जोजवत होती, ती अशुद्ध? एका परक्या बाईला जे दिसलं ते आपल्या शाळांतल्या किती मास्तरांना दिसलं? हा प्रश्न मी चिडून विचारते आहे, आणि चिडायचा मला हक्क आहे.

ज्यांचं नाव त्या शाळेला आहे त्या कमला निंबकरसुद्धा मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून आल्या, कमला झाल्या, आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू केली. नाव बदलून नव्या घरात येणं हे आपल्या मुलींनाही चुकलेलं नाही. माझ्या सासरीही माझं नाव बदलायचं घाटत होतं. मीच तांदळाच्या ताटासमोर हट्ट धरून बसले म्हणून ते वाचलं.

आणखी एक सून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची. गेल ऑम्व्हेट. बर्कलीहून महात्मा फुल्यांच्या आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी आल्या. भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. सासू इंदुमती पाटणकर स्वातंत्र्यसैनिक. त्या दोघी टाकून दिलेल्या बायकांच्या हक्कासाठी मोर्चे काढत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेल गेल्या, त्या कासेगावातच. लोक त्यांच्या पुस्तकांबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे. मला मात्र राहून राहून वाटतं ते त्यांच्या घरातल्या पहिल्या वर्षाबद्दल. चुलीपाशी कोणी कोणाला काय शिकवलं असेल? 'चटणी'चा घोळ त्यांचाही झाला असेल का?

*

विदर्भाकडे परत येते. दसऱ्याला आमच्या शेलूबाजारहून नागपूरच्या दीक्षाभूमीला गाड्या भरून माणसं जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली, तेव्हापासूनचा हा रिवाज. त्या दीक्षाभूमीशी जोडलेलं एक नाव आमच्याकडच्या वस्तीत लहान मुलालाही ठाऊक आहे. भदंत सुरेई ससाई. १९३५ मध्ये जपानात जन्मले, साठच्या दशकात भारतात आले, नागपूरच्या इंदोऱ्यात राहिले ते कायमचे. त्यांना देशाबाहेर घालवण्याची वेळ आली तेव्हा लाखो लोकांनी सह्या केल्या, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं. लाखो सह्या! त्यातल्या कित्येक अंगठे असतील. सरकारी कागदावर 'हा आमचा माणूस आहे' असं इतक्या लोकांनी लिहून दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आमच्या बाजूच्या कितीतरी विहारांत थायलंडहून दानात आलेल्या बुद्धमूर्ती आहेत, सोनेरी, बारीक चेहऱ्याच्या, टोकदार उष्णीषाच्या. अयुत्थयातले ते भंगलेले बुद्ध बघताना मला म्हणूनच काही अनोळखी वाटलं नव्हतं.

याच ससाईंच्या पुढाकाराने रामटेकजवळ मनसरला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठं उत्खनन सुरू झालं. बौद्ध आचार्य नागार्जुनाचं स्थान शोधावं ही त्यामागची तळमळ. आणि तिथेच एक डच माणूस येतो. ग्रोनिंगन विद्यापीठाचे हान्स बाकर. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातल्या वाकाटकांच्या शिलालेखावर त्यांनी काम केलं, १९९७ मध्ये वाकाटकांवर ग्रंथ लिहिला. मनसरला जे सापडलं ते वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरेश्वर मंदिर आणि त्याची राजधानी, असं त्यांनी मांडलं. एका टेकडीवर जपानी भिक्खू आणि डच पंडित, दोघांची वाट वेगळी आणि उत्तरंही वेगळी, पण दोघांनी आयुष्याची इतकी वर्षं विदर्भाच्या मातीला दिली. आणि आम्ही? वाकाटकांची दुसरी शाखा ज्या वत्सगुल्मात राज्य करत होती, ते वत्सगुल्म म्हणजे आमचं वाशिम. अजिंठ्याची कितीतरी लेणी याच शाखेच्या हरिषेणाच्या काळातली. मी वाशिमला दहा वेळा गेले असेन, कापड घ्यायला, आजारपणात, लग्नाला. वत्सगुल्म हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चाळिशी ओलांडली होती.

सेवाग्रामची एकच गोष्ट सांगते. तिथल्या गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर मातीचेच उठाव आहेत. खजुरीची झाडं, मोर, चरखा, ॐ. ते मीराबेननी केलेले. त्या इंग्रज नौसेनाधिकाऱ्याच्या लेक, मॅडेलिन स्लेड. कुटी आधी त्यांचीच होती, नंतर गांधीजी तिथे राहिले. मी त्या भिंतीजवळ बराच वेळ उभी होते. आमच्याकडे बायका शेणामातीने भिंत लिंपतात तेव्हा शेवटचा हात बोटांनी फिरवतात, त्याची नक्षी राहते. तोच हात तिथे दिसतो. पाश्चात्त्य चित्रकलेची छटा नाही, मिरवणं नाही. शेजारच्या बाईने हात धरून शिकवल्याशिवाय माती अशी बसत नाही.

*

या दिवाळीच्या आधी माहेरी गेले होते. आता फाट्यावरची वर्दळ बदलली आहे. गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा. सगळा मिळून ७०१ किलोमीटर. शेलूबाजारला चढ-उताराची जागा आहे. रस्ता बांधायला बाहेरच्या राज्यांतून मजूर आले होते, पत्र्याच्या छावण्यांत दोन-तीन पावसाळे राहिले. त्यांच्या बायका आठवडी बाजारात हिंदीत भाव करायला लागल्या आणि वर्षभराने 'भाऊ, बरोबर लावजो' म्हणायला लागल्या, असं भाजीवाल्या सांगतात. रस्ता झाला, छावण्या उठल्या. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात शेलूबाजार म्हणजे एक निळी पाटी. जुन्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर पूर्वी रात्री दोनलाही ट्रक उभे असत, क्लीनर तोंड धूत असत, पंजाबीत, तेलुगूत, बंगालीत बोलत असत. आता खाटा मोकळ्या दिसतात. मला रस्त्याबद्दल तक्रार नाही. माझा भाऊ याच रस्त्याने वडिलांना चार तासांच्या आत नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. आजीच्या दमणीचे हिसके आठवून मी त्या रस्त्याला हात जोडले. पण थांबलेल्या माणसालाच 'कुठी चालले जी' विचारता येतं.

बाजाराच्या दिवशी मी भाजी घ्यायला गेले. भावाच्या घरी रोडग्यांचा बेत होता. गव्हाच्या भरड पिठाचे चार पदरी गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, आणि सोबत वांग्याची तर्रीदार भाजी. मी वांग्यांचा भाव विचारला. तीस वर्षांत माझ्या बोलण्याला फलटणचा हेल लागला आहे, तो मला ऐकू येत नाही, दुसऱ्यांना येतो. भाजीवाली म्हातारी होती. वांगी तराजूत टाकता टाकता तिने मान वर केली.

"कोनत्या गावच्या जी तुमी?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. घर सांगितलं, चक्कीच्या मागचं. आईचं नाव सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने माझ्या आईचं नाव पुन्हा एकदा स्वतःशीच घेतलं.

"मंग अशी काहून बोलून राह्यली वं?" ती म्हणाली, आणि टोपलीतून आणखी दोन वांगी उचलून माझ्या पिशवीत टाकली. "राहू दे. रोडग्याले लागतीन."